दोन भाडेकरूंची वतनदारी

पीसी भारी की कन्सोल, हा प्रश्न राधानगरीत वर्षातले आठ महिनेच विचारता येतो. उरलेल्या चार महिन्यांत त्याच्याआधीचा प्रश्न उभा असतो: लाईट हाय का? पावसानं एकदा बैठक मारली की कुठंतरी झाड तारेवर आडवं होतं, कुठंतरी डीपी उडतो, वायरमन रेनकोट चढवून अंतर्धान पावतो, आणि 240 हर्ट्झचा मॉनिटर काय नि प्लेस्टेशन काय, दोघंही अद्वैतात विलीन होतात. नाम गेलं, रूप गेलं, उरलं ते काळं ब्रह्म. धरणाच्या पायथ्याशी वीज तयार होते हे आमच्या गावाचं भूषण. ती गावात टिकत नाही, हा आमचा प्रारब्धभोग.

तरी युद्ध थांबत नाही. लाईट गेली की ते मोबाइलवर सरकतं. एकीकडं पीसीवाले: ग्राफिक्स कार्डाचा नंबर गोत्रासारखा सांगणारे. दुसरीकडं कन्सोलवाले: सोनीच्या नफ्यात आपला वाटा असल्यासारखे आनंदणारे. कोल्हापूरच्या पाण्यातच ईर्षा आहे, हे मान्य. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा तालीम फुटबॉलमध्ये भिडतात तेव्हा पेठा पेटतात. पण तिथं कुणीतरी धावतं, पडतं, गोल करतं. इथं दोन माणसं बसल्याजागी भांडतात, की कुणाची खुर्ची जास्त पराक्रमी.

मला भांडणाचं वावडं नाही. भांडणाशिवाय जेवण पचत नाही अशा जिल्ह्यात मी राहतो. मला मौज वाटते ती दोघांच्या दाव्याची. पीसीवाला म्हणतो, मी स्वतंत्र. कन्सोलवाला म्हणतो, मी निवांत. याचं स्वातंत्र्य कधीच गेलंय, त्याचा निवांतपणाही. दोघंही भाडेकरू आहेत आणि भांडतात मात्र वतनदारांच्या थाटात.

आधी पीसीवाल्याला घेऊ. त्याला कशातही पहिला नंबर लागतोच.

हा स्वतःला 'पीसी मास्टर रेस' म्हणवतो. म्हणजे साक्षात अधिपतींचा वंश. या बिरुदाची जन्मकथा रसिकांनी ऐकावी अशी आहे. 2008 मध्ये बेन क्रोशॉ नावाच्या खवचट समीक्षकानं 'द विचर' या गेमचं परीक्षण करताना पीसीवाल्यांचा तोरा उतरवायला हे विशेषण फेकलं. टिंगल होती ती, राव! यांनी ती उचलली, धुतली, इस्त्री केली आणि छातीवर लावली. आपली टर उडवली जातेय हे न कळणं समजू शकतो. त्या टरीचीच सनद करून मिरवायला वेगळी प्रतिभा लागते.

त्याचं यंत्र बघा. एका बाजूला काच, आत सात रंगांचे दिवे. दिव्यांनी एक फ्रेमही वाढत नाही, हे त्याला ठाऊक आहे. तरी दिवे हवेत. जानेवारी 2025 मध्ये एनव्हिडियानं आरटीएक्स 5090 हे ग्राफिक्स कार्ड बाजारात आणलं: अमेरिकेतली किंमत 1,999 डॉलर, विजेची भूक 575 वॅट. हे नुसतं कार्ड. प्रोसेसर, मॉनिटर आणि आईवडिलांची समजूत यांचा खर्च वेगळा. आमच्याकडं मिक्सर लावायच्या आधी माउली ओरडून विचारते, "तुझं ते बंद हाय का रं? चटणी वाटायचीया." अधिपतींचा वंश निमूटपणे गेम थांबवतो.

या खर्चातून मिळतं काय? गणित करू. पीसीवाल्याला गणित आवडतं, फक्त तो ते निम्म्यात सोडतो. सेकंदाला 30 फ्रेम म्हणजे एका फ्रेमला 33.3 मिलिसेकंद. 60 केल्या की 16.7. हा फरक शेंबड्या पोरालाही कळतो; जे कन्सोलवाले तीस फ्रेमला 'सिनेमासारखं दिसतं' म्हणायचे, ते निव्वळ स्वतःची समजूत घालत होते. पण पुढं या. 120 केल्या की 8.3 आणि 240 केल्या की 4.2. पहिल्या उडीत जवळपास सतरा मिलिसेकंद वाचले, शेवटच्या उडीत चार. पहिल्या उडीला पगार पुरतो, शेवटच्या उडीला पतसंस्था लागते. आणि ते कमावलेले चार मिलिसेकंद घेऊन हा योद्धा कुठं बसतो? आमच्या नेटवर. जिथं पिंग ढगांकडं बघून ठरतो.

बरं, एवढ्या ऐवजावर हा खेळतो तरी काय? स्टीमच्या सेलमध्ये घेतलेल्या गेमांची रास पडलीय, त्यातले बहुतेक उघडलेलेच नाहीत. एपिकच्या दुकानातून फुकट मिळालेल्यांची रास त्याशेजारी. रात्री अकरा वाजता उघडतो मात्र सॅन आंद्रियास. आणि गंमत अशी, की ज्या व्हाइस सिटीच्या आणि सॅन आंद्रियासच्या आठवणीनं हा पीसीयुगाचे पोवाडे गातो, ते दोन्ही गेम आधी प्लेस्टेशन 2 वर आले होते. पीसीवाल्यांना नंतर मिळाले. ते नंतर मिळालेलंही यानं कॉपी मारलेल्या सीडीवरूनच खेळलं. आता हाच माणूस गेम बनवणाऱ्यांच्या हक्कांवर प्रवचन देतो. आयजीआयची ती मार्करनं नाव लिहिलेली सीडी ड्रॉवरमध्ये अजून असेल बघ, महाराज.

आणि त्याचं ते लाडकं स्वातंत्र्य! 'यंत्र माझं, मी वाट्टेल ते करीन.' कर की. व्हॅलोरंट टाकून बघ. व्हॅनगार्ड नावाचा पहारेकरी थेट विंडोजच्या गाभाऱ्यात जाऊन बसतो आणि संगणक उठायच्या आधी स्वतः उठतो. बॅटलफील्ड 6 ला सिक्युअर बूट चालू असल्याचा दाखला लागतो, नसेल तर दारातूनच परत. 14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज 10 चा नेहमीचा पाठिंबा थांबवला आणि कितीतरी धडधाकट यंत्रांना कळवलं, तुमच्यात टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय नाही, सबब तुम्ही विंडोज 11 ला अपात्र. यावर स्वतंत्र माणसानं काय केलं? बंड? छे. यूट्यूबवर व्हिडिओ लावला आणि बायोसमध्ये शिरला. इतकं करून गेम उघडला, तर समोर पाटी: शेडर कंपाइल होत आहेत. त्या पाटीकडं बघत बसण्याचं स्वातंत्र्य मात्र अबाधित आहे.

कन्सोलवाला हसतोय वाटतं? थांब भावा, तुझ्याकडंच येतोय.

याचा मंत्र एक: डबा लावा, बटण दाबा, खेळा. ऐकायला गोड. आमच्या राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरल्या पातळीला गेलं की ते आपसूक उघडतात. लॉगिन मागत नाहीत, अटी मान्य आहेत का विचारत नाहीत, नवी आवृत्ती उतरवतोय म्हणून पाणी थोपवून धरत नाहीत. बटण दाबा नि खेळा हा दावा करायचा तर निदान आमच्या दरवाज्यांच्या तोंडावर करू नका. रविवारी दोस्त जमवा आणि कन्सोल लावा: आधी यंत्राचं अपडेट, मग गेमचं अपडेट, मग पासवर्ड चुकला. दोस्त भडंग संपवून, चहा पिऊन, एकमेकांची उणीदुणी काढून घरी जातात, आणि ती निळी पट्टी अजून निम्म्यातच. पहिल्या प्लेस्टेशन 5 वर जागा लिहिलीय 825 जीबी, हाती येते 667. उरलेली यंत्रानं आधीच खाल्ली. 

2 फेब्रुवारी 2021 ला हा डबा भारतात आला. डिस्कवाला 49,990 रुपयांना, बिनडिस्कचा 39,990 ला. दहा हजार वाचले म्हणून पेढे वाटणारे मी पाहिलेत. पण डिस्कबरोबर गेलं काय? खेळून झालेला गेम विकायची सोय गेली. मित्राला उसना द्यायची गेली. दुकानदाराशी हुज्जत घालून दोनशे कमी करून घ्यायचा कोल्हापुरी मूलभूत हक्क गेला. राहिलं एक दुकान, सोनीचं, आणि तिथं नव्या मोठ्या गेमचा भाव पाच हजारांच्या घरात. म्हणजे दहा हजार वाचवायला यानं पुढची सगळी खरेदी एकाच वाण्याकडं गहाण टाकली. याला म्हणे काटकसर.

पूर्वी कन्सोल जुना झाला की स्वस्त व्हायचा. प्लेस्टेशन 2 सोळा कोटींच्या घरात खपला, त्याला हेही एक कारण. प्लेस्टेशन 5 नं नवं अर्थशास्त्र मांडलं: वय वाढलं की भाव वाढतो. नोव्हेंबर 2022 मध्ये भारतात त्याचे 54,990 झाले. भक्तांनी काय म्हणावं? 'बघा, किंमत टिकून आहे!'

ऑनलाइन खेळायचंय? मग विकत घेतलेल्या बहुतेक गेमांसाठी प्लेस्टेशन प्लसचा हप्ता भरा. नेटचा रिचार्ज तुमचा, लाईटबिल तुमचं, टीव्ही तुमचा, गेम पैसे मोजून घेतलेला, आणि मित्राला गोळी घालायची परवानगी सोनीकडून भाड्यानं. ही चाल एक्सबॉक्सनं 2002 मध्ये पाडली, सोनीनं 2013 मध्ये प्लेस्टेशन 4 बरोबर उचलली. पीसीवर हा हप्ता नाही. इथं पीसीवाल्याला एक गुण द्यावा लागतो. दिला. आता खाली बस.

नोव्हेंबर 2024 मध्ये प्लेस्टेशन 5 प्रो देशोदेशी आला, भारतात आला नाही. कारण त्यातल्या वायफायला लागणारा 6 गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडं तेव्हा खुला नव्हता. तरी आमचे कन्सोलवीर प्रोच्या बाजूनं रात्र रात्र लढत होते. जे दुकानात नाही, घरात नाही, येणार की नाही ठाऊक नाही, त्याच्या इभ्रतीसाठी झुंजायचं. गीतेतला निष्काम कर्मयोग तो हाच असावा.

आता त्याचं ब्रह्मास्त्र: एक्स्क्लुझिव्ह. 'हा गेम फक्त आमच्याकडं!' गॉड ऑफ वॉर 2018 मध्ये प्लेस्टेशनचा होता, जानेवारी 2022 मध्ये पीसीवर गेला. स्पायडर-मॅन त्याच वर्षी मागोमाग. एक्सबॉक्सची कुलदेवता गिअर्स ऑफ वॉर ऑगस्ट 2025 मध्ये प्लेस्टेशनच्या देव्हाऱ्यात बसली. ऑक्टोबर 2025 मध्ये घोषणा झाली की हेलोसुद्धा तिथं येणार. हेलो! ज्याच्या नावानं वीस वर्षं डोकी फुटली. शिपाई खंदकात भिजतोय आणि सेनापती पलीकडच्या तंबूत पंगतीला बसलाय.

पीसीवाल्या, टाळ्या नकोत. ग्रँड थेफ्ट ऑटो 5 कन्सोलवर सप्टेंबर 2013 मध्ये आला, तुझ्याकडं एप्रिल 2015 मध्ये. रेड डेड रिडेम्प्शन 2 साठी तू आणखी एक वर्ष दारात उभा होतास. सहाव्या ग्रँड थेफ्ट ऑटोची जाहीर झालेली तारीख 19 नोव्हेंबर 2026, यंत्रं दोन: प्लेस्टेशन 5 आणि नवा एक्सबॉक्स. तुझं नाव यादीत नाही. अधिपतींच्या वंशानं पुन्हा ओसरीवर थांबावं.

आणि ही दोन कुळं आतून किती वेगळी? झाकण काढून बघा. 2013 चे प्लेस्टेशन 4 आणि एक्सबॉक्स वन दोन्ही एएमडीच्या चिपवर, तीही पीसीच्याच जातकुळीची. 2020 चे दोन्ही पुन्हा एएमडीचेच: झेन 2 प्रोसेसर आणि आरडीएनए 2 ग्राफिक्स. एएमडी पीसीसाठी काय विकतं? तेच. सोयरीक इतकी जवळची, की गोत्र विचारलं तर लग्नच मोडेल. पण ते लागलंही. ऑक्टोबर 2025 मध्ये एक्सबॉक्सच्या नावानं आसूसचं हातात धरायचं यंत्र आलं, आत चक्क विंडोज: पीसी झालेला एक्सबॉक्स. पुढच्याच महिन्यात व्हॉल्व्हनं स्टीम मशीन जाहीर केलं, टीव्हीखाली ठेवायचा चौकोनी डबा: कन्सोल झालेला पीसी. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, आणि वऱ्हाडी अजून मंडपाबाहेर एकमेकांची गचांडी धरून उभे.

या गदारोळात तालुका काय खेळतोय? मोबाइल. पबजी सप्टेंबर 2020 मध्ये बंद झाला, 2021 मध्ये बीजीएमआय नावानं अवतरला, 2022 मध्ये पुन्हा अंतर्धान, 2023 मध्ये पुन्हा प्रकट. इतके जन्म घेऊनही दोन्ही पंथांच्या लेखी तो गेम नव्हेच आणि खेळणारा गेमर नव्हे. का? तर म्हणे अंगठ्यानं खेळतो. अरे, मग कन्सोलवाला काय कोपरानं खेळतो? सरकार यांच्यापेक्षा उदार निघालं. जुलै 2025 मध्ये विधान परिषदेत मोबाइलवर रमी दिसल्याचा व्हिडिओ फिरला. तेव्हाचे कृषिमंत्री म्हणाले, मी तर जाहिरात बंद करत होतो. महिना संपता संपता त्यांच्याकडं क्रीडा खातं आलं. राज्यानं मोबाइलची क्रीडेत नोंद केली, तुम्ही कोण नाही म्हणणार?

गेमवर इतकं प्रेम असलेल्या या मंडळींना एक साधा प्रश्न विचारा: पुण्यात काय बनतं? तोंडं बघा. 'राजी' नावाचा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स या छोट्या स्टुडिओनं बनवला. आपल्या पुराणांतले देव आणि असुर, भावाला शोधत निघालेली मुलगी, राजस्थानी वाड्यांची भव्य चित्रं. ऑगस्ट 2020 मध्ये तो आधी निन्टेंडो स्विचवर आला. म्हणजे अशा यंत्रावर, जे निन्टेंडो आपल्या देशात अधिकृतपणे विकतच नव्हती! पुण्यात जन्मलेल्या गेमनं परदेशी डब्यातून जगात पाऊल टाकलं, आणि पुण्याच्या गिऱ्हाइकानं स्विच आणायचा तो चोरबाजाराच्या वळणानं. ऑक्टोबरमध्ये तो पीसीवर, प्लेस्टेशनवर, एक्सबॉक्सवर, सगळीकडं आला. झाली का दोन्ही पंथांत चढाओढ, 'राजी आमच्याकडं जास्त देखणा दिसतो' म्हणून? नाव नको. दोघं तेव्हा महिनोन् महिने न मिळणाऱ्या ग्राफिक्स कार्डासाठी आणि अजून न आलेल्या प्लेस्टेशन 5 साठी गळे काढत होते. डब्यावर जीव, डब्यात काय चालतं त्याच्याशी देणंघेणं नाही.

आता भाड्याचं बघू, कारण खरा तमाशा तिथं आहे.

'द क्रू' हा युबिसॉफ्टचा गाड्यांचा गेम 2014 मध्ये आला. लोकांनी पैसे मोजून घेतला. कन्सोलवाल्यांनी घेतला, पीसीवाल्यांनी घेतला. 31 मार्च 2024 ला कंपनीनं सर्व्हर बंद केले आणि गेम दोघांकडंही मेला. एकट्यानं खेळायची सोयही नाही. कन्सोलवाल्याच्या कपाटात डिस्क होती. ती आता चहाचा कप ठेवायला बरी. पीसीवाल्याकडं महागडं कार्ड होतं. त्यानं त्या न चालणाऱ्या गेमच्या किती फ्रेम काढल्या, ते त्यानं सांगावं. कॅलिफोर्नियानं कायदा केला, 1 जानेवारी 2025 पासून लागू: डिजिटल माल 'विकत घ्या' म्हणून खपवायचा तर गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा, की तुम्हाला वस्तू नव्हे, परवाना मिळतोय. स्टीमनं आधीच पैसे भरायच्या जागी तशी ओळ टाकली. ती ओळ वाचूनही आमचा पीसीवाला छाती फुगवून सांगतो, 'माझ्याकडं पाचशे गेम आहेत.' तुझ्याकडं पाचशे पावत्या आहेत, भावा. तेही ईमेलमध्ये.

नव्वदच्या दशकात पिवळी कॅसेट मिळायची. वर 9999 गेम छापलेले, आत मोजके, तेच फिरून फिरून. शुद्ध फसवणूक. पण त्या फसवणुकीची मालकी तरी आपली होती! विकता यायची, उसनी देता यायची, चालली नाही तर फुंकर मारता यायची. आज सर्व्हर बंद पडला तर फुंकर कुठं मारणार, कॅलिफोर्नियाच्या दिशेनं?

ज्या शाहू महाराजांनी आमच्या धरणाचं काम हाती घेतलं, त्यांनीच 1918 मध्ये संस्थानातली कुलकर्णी वतनं बंद करून पगारी तलाठी नेमले. पिढीजात हक्काची मिजास कशी उतरवायची, हे या मातीनं शंभर वर्षांपूर्वी पाहिलंय. आणि त्याच मातीत, ज्यांच्या नावावर वीतभर जमीन नाही असे दोन नव-वतनदार हद्दीच्या दगडावरून भांडतायत. एक म्हणतो माझा मालक सोनी, दुसरा म्हणतो माझा मालक स्टीमवाला व्हॉल्व्ह. मालक दोघांच्याही भाड्यावर मजेत.

तरी कुणीतरी विचारणारच, 'ते जाऊ द्या, घेऊ काय?' ऐका. घरात शिकणारं पोरगं असेल आणि संगणक लागणारच असेल, तर पीसी घ्या: मधल्या ताकदीचा, साठ फ्रेम देणारा, बिनदिव्यांचा. भावंडांना शेजारी बसून फुटबॉल खेळायचा असेल, तर कन्सोल घ्या, आणि घ्याल तो डिस्कवालाच. दोन्हींच्या आधी यूपीएस. इतकं सरळ उत्तर असलेल्या प्रश्नावर तुम्ही तारुण्य घालवताय.

आणि भांडायची खुमखुमी उरलीच असेल, तर तिला जागा आहे. 'द क्रू' बंद पडल्यावर 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली. मागणी साधी: गेम बंद करायचा तर करा, पण विकलाय त्याला तो खेळता येईल अशा अवस्थेत ठेवून जा. जुलै 2025 मध्ये युरोपात तिच्या मागणीपत्रावर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. त्यात पीसीवाले होते, कन्सोलवाले होते, आणि अर्जात कुणालाही ग्राफिक्स कार्डाचा नंबर विचारला नव्हता. आपल्याकडं 2019 चा नवा ग्राहक संरक्षण कायदा आहे, गिऱ्हाइकं कोट्यवधी आहेत, आणि जिभेला धार तर कोल्हापूरची आहे. ती धार एकमेकांवर परजण्यापेक्षा मालकाच्या दारात जाऊन परजा. तिथं जायची टाप नसेल, तर मग कोण भारी हे सांगू नका. गप खेळा की!